दोन नंबरची घडी

३ फेब्रुवारी, सोमवार

— आणि आप्पांनी त्याची मूठ उघडून रेशमाची चिंधी नाकापाशी नेली. हुंगली! मग उजेडात धरली. "कोरडी हाय. चालतंय."

ओमकार पास. निपाणीचा, आप्पांच्या मेहुण्याच्या ओळखीतला. आप्पांची परीक्षा एवढीच. उमेदवाराच्या मुठीत रेशमाची चिंधी द्यायची, शंभरपर्यंत आकडे म्हणायचे, मूठ उघडायची. घामट हाताने साड्या डागाळतात म्हणे.

त्याच्या आधी प्रियदर्शनीची मूठ ओली निघाली. अनगोळची मुलगी, इंग्रजी फाडफाड. फेब्रुवारीत घाम! मालक नाकाने माणूस निवडतात हे कळल्यावर कुणालाही फुटेल.

गादीवर एक माणूस कमी आहे. साड्या उलगडून दाखवायच्या, गिऱ्हाईक गेलं की परत घड्या घालायच्या. जागा एक, उमेदवार तीन. तिसरी उद्या येणार.

४ फेब्रुवारी

तिसरी — मनिषा. पहाटेच्या बसने कणकुंबीहून आली. मूठ कोरडी.

आप्पांच्या मुलाने, रविराजने, त्याचा तो प्रश्न टाकला. एमबीए झाल्यापासून सगळ्यांना टाकतो. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"हितंच की. न्हायतर गोव्यात."

इथे जमलं नाही तर पंधरा तारखेला गोव्याला, काजूच्या कारखान्यात. जायचं नाही तिला. "दिवसभर नुसती टरफलं. बोलाय माणूस न्हाय," म्हणाली.

मी एक साडी पुढे केली. रंग कुठला?

"काजूच्या बोंडाचा. हिरवा सोडलाय, अजून पिवळा झाला न्हाय, तवाचा."

मी वीसपैकी एकोणीस दिले!

रविराज म्हणाला, "मॅडम, साड्या विकायला माणूस घेतोय आपण. कविता करायला न्हाय."

त्याने स्वतः प्रियदर्शनीला अठरा दिलेत. कशाबद्दल? "ॲटिट्यूड." आप्पांनी ओमकारला वीसपैकी वीस. कशाबद्दल? "बघून."

तीन परीक्षक. तीन पहिले नंबर.

५ फेब्रुवारी

आप्पांना विचारलं — चार वर्षांपूर्वी नऊ जणींतून मला कसं घेतलंत?

"बघून."

"काय बघून?"

"आता ते काय सांगत बसू? चहा सांग."

सांगायला कशाला हवं. एम.ए. मराठी, प्रथम वर्ग. आणि अक्षर. दुकानातल्या सगळ्या पाट्या तेव्हापासून मीच लिहिते. त्याआधी अकरा मुलाखतींत नापास झाले होते. एका शाळेने तर आवाज बारीक म्हणून परत पाठवलं. कुठेतरी एकदा न्याय झाला, तो शहापुरात, या दुकानात.

६ फेब्रुवारी

सुचलं! चेहरा नको, गाव नको, मेहुणा नको. तिघांनी आतल्या खोलीत एकेक जरीची साडी घडी घालून ठेवायची. वर फक्त नंबराची चिठ्ठी. कुणाचा कुठला नंबर ते बंद पाकिटात. आपण नंतर जाऊन नुसत्या घड्या बघायच्या. जी उत्तम, त्या नंबराला नोकरी.

"आणि चुकीचा माणूस आला तर?" रविराज.

"येणारच नाही."

आप्पा म्हणाले, "कर बाई. माझं नाक बी दमलंय."

८ फेब्रुवारी, शनिवार

झाली परीक्षा. बारा वाजता एकेक जण आत गेला, घडी घालून बाहेर आला. तिघे घरी गेले. आम्ही जेवलो. दोन वाजता घड्या बघायला गेलो.

एक नंबर बरी. तीन नंबर चांगली, पदर सुबक वर आलेला. दोन नंबरपाशी आप्पा थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जुनी मोड सोडून घातली हाय, बघ."

जरीची साडी त्याच त्याच जागी मोडली की जरीची तार तुटते. म्हणून दर वेळी घडीची जागा थोडी सरकवायची. आप्पा म्हणतात हे शिकवून येत नाही, वर्षं जावी लागतात. रविराज म्हणाला दोन. मीही म्हणाले दोन. या दुकानात तिघांचं एकमत पहिल्यांदाच!

पाकीट फोडलं. दोन नंबर — ओमकार.

आप्पांनी बोटाने स्वतःचं नाक दाखवलं.  

एक नंबर प्रियदर्शनी. तीन नंबर मनिषा.

तिला फोन मीच केला. "व्हय? बरं," म्हणाली. मग — "ती दोन नंबरची घडी मला बघाय मिळंल का, आक्का?"

९ फेब्रुवारी

न्याय झाला. बरं वाटत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

ओमकारचा पहिला दिवस. गोड बोलतो. पहिलंच गिऱ्हाईक दोन साड्या घेऊन हसत गेलं. उरलेल्या सात साड्यांची घडी मात्र — घडी कसली, गाठोडी!

शेजारी जयाबाई फडकं मारत होती. अठरा वर्षं ती दुकान झाडते, पुसते, दारातल्या चपला ओळीत लावते. तिने फडकं खांद्यावर टाकलं, एक गाठोडं ओढून घेतलं, झटकलं. चार वेळा हात हलले. घडी तयार. आणि जुनी मोड सोडून!

मी तिला जिन्याखाली गाठलं. "जयाआक्का, शनिवारी आतल्या खोलीत तुम्ही —"

"ती दोन नंबरची व्हय? पदर लोंबत हुता खाली. जरीवर पाय पडला असता कुणाचा तरी. घातली नीट." मग माझं तोंड बघून घाईने म्हणाली, "चिठ्ठी हुती तशीच वर ठेवली हां! चिठ्ठीला हात लावला न्हाय."

घरी आल्यावर —

दुसऱ्याच्या घडीवर नोकरी. हे चालणार नाही. उद्या सांगायचं.

पण दोन नंबर मनिषाचा निघाला असता आणि जयाबाईने तो असाच नीट केला असता, तर सांगितलं असतं का? तीनदा लिहून खोडलं. खरं उत्तर — नसतं सांगितलं.

११ फेब्रुवारी

सांगितलं. दुकान उघडल्या उघडल्या, सगळ्यांसमोर.

रविराज इतका हसला की त्याला ठसका लागला. ओमकार उठून उभा राहिला. "मला बी वाटलंच. मी कवा एवढी भारी घडी घातली!" भला माणूस. माझ्या गुणपत्रकात भलेपणाला रकाना नव्हता.

आप्पांनी जयाबाईला हाक मारली. "ये. बस वर."

ती गादीच्या अगदी काठाला बसली, पाय बाहेर सोडून. आप्पांनी एक भरजरी साडी तिच्यासमोर पूर्ण उलगडली. जयाबाईने पदराला हात पुसले, साडी गोळा केली, घडी घालून त्यांच्या पुढ्यात ठेवली. आप्पांनी सवयीने खिशातून रेशमाची चिंधी काढली, तशी तिने हात मागे घेतला.

"काय हुंगताय? फिनेलचा वास येतोय."

आप्पा लाजले. पहिल्यांदा बघितलं मी त्यांना लाजताना. मग तोंड सोडलं — "अठरा वर्सं हाईस हितं. जागा रिकामी हाय ठावं हुतं. एकदा बोलायचं न्हाय व्हय गं?"

"काय बोलायचं? दारावरची पाटी रोज मीच पुसत हुते. बारावी पास लिवलं हुतं. मी सातवी."

"बारावी?" आप्पा म्हणाले. "मी स्वतः चौथी! कुणी लिवलं ते?"

मी.

मला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी नाही, रविराजनेही नाही. 'गादीवर बसण्यासाठी माणूस पाहिजे' एवढं लिहून झालं, खाली जागा उरली. पाटी भरलेली दिसावी म्हणून 'बारावी पास, वय तीसच्या आत' घातलं. अक्षर फार छान आलं होतं.

उद्यापासून जयाबाई गादीवर. ओमकार दोनच्या बसने निपाणीला गेला, जाताना तिच्या पाया पडून. ती म्हणाली, "उठ रं, पदर तेवढा लोंबू देऊ नको कुठं."

मनिषाला फोन केला. सगळं सांगितलं. खूप हसली. मग म्हणाली, "म्हंजे झाडायची जागा रिकामी झाली की!"

पाटी लिहिली की कळवते, म्हणाले.

"बारावी नका लिवू. माझी झालीया, पण नका लिवू."

"आणि पंधरा तारीख? गोवा?"

"ते तुमी पाटी कवा लिवताय त्याच्यावर."

१२ फेब्रुवारी

सकाळी जयाबाई गादीवर बसली. पाय आत घेऊन. गिऱ्हाईक यायचं होतं. मी नवी पाटी लिहीत होते, ती बघत होती. म्हणाली, "माणूस घेताना आप्पा मला इचारतात, आक्का. ह्या येळंला तुमची परीक्षा हुती म्हणून इचारलं न्हाय. तुमच्या येळंला इचारलं हुतं. नऊ जणी आलत्या. आठ जणींच्या चपला दारात कशाबी पडलेल्या, एकीनंच जोडीनं, भिंतीला लावून ठेवलेली. निळी. मी तुमच्याकडं बोट केलं, म्हटलं, हिला घ्या."

माझ्याकडे निळी चप्पल कधीच नव्हती.