मायच्या जलदानाचं पाणी

४ मे २०१३
मायला पोचवून आलो. टँकरच्या रांगेत, उन्हात, बसल्या बसल्या गेली. लोक म्हणतात, शांत गेली. शांत! घागर रिकामी होती.

५ मे
गावच्या शेतकी सोसायटीच्या बोअरला पाणी आहे, वीज नाही. ट्रान्सफॉर्मर जळालाय. वीज होती तेव्हाही पाणी आधी चेअरमन आबासाहेबांच्या उसाला, उरलं तर आमच्या वस्तीला. सोसायटीचा ट्रॅक्टर नुसता उभा. नांगरायला जमिनीत ओल कुठाय?

आबासाहेबांना म्हटलं — मी इंजिनरूमला कामाला आहे त्या जहाजावर मेन इंजिन पाण्यातला पंखा फिरवतं, त्याच शाफ्टवर जनरेटर असतो. चालत्या जहाजाची सगळी वीज त्यातून निघते. इथं ट्रॅक्टरच्या शाफ्टला जोडू. जनरेटर मी आणतो.

"तलवाड्यात कुठला समुंदर, बे? आन् सुतकात यंत्राला हात लावतो व्हय?"

आम्हा बौद्धांत सुतक नसतं. गेलेल्यासाठी जलदानाचा विधी असतो, रविवारी. पाणी मी काढणार — एवढं बोललो. मी एवढं कधी बोलत नाही.

"काढ. डिझेल तुझं."

७ मे
मांजरसुंब्याच्या बंद ढाब्यामागं जुना जनरेटर मिळाला. इंजिन गेलेलं, वीज काढणारा अल्टरनेटर ठीक. तेवढाच हवा होता.

९ मे
जोडला. पाणी आलं! आणि मग मोटार घुमून बंद पडली. पाहतो तर ड्रायव्हर धुळाजीनं रेस कमी केलेली.

"पानी तर यायलंय. डिझेल कावून जाळायचं फुकट?"

समजावलं — इंजिन मंदावलं की वीज मंदावते. जहाजावर वेग कमी करायच्या आधी कॅप्टन खाली इंजिनरूमला कळवतो. मग आम्ही लोड दुसऱ्या जनरेटरवर घेतो. इथं दुसरा नाही.

"म्हंजी मी कॅप्टन?"

हो.

"मंग सलाम ठोक की, बे!"

हसलो. माय गेल्यावर पहिल्यांदा. लगेच स्वतःचाच राग आला.

१० मे
दिवसभर पाणी. रेस हलली नाही.

१२ मे
जलदान झालं. वस्तीची टाकी भरलेली. शेजारची दगडाबाई मायचं नाव घेऊन म्हणाली, "सरूबाईनं जाता जाता गावाला पाजलं बग."

पंगत उठायच्या आत आबासाहेब दारात. "झालं न्हवं तुमचं? आता पाइप उसाकडं वळव."

नाही.

"ट्रॅक्टर सोसायटीचा हाय!"

माहीत आहे. मायपण सभासद होती. वस्तीतली निम्मी माणसं सभासद आहेत. टाकी रोज भरेल, मग ऊस.

"उद्या धुळाजी ट्रॅक्टर घिऊन जाईल. बगतो कोन आडवतं."

मी अडवीन. लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी माघार नको.

१३ मे
मला अडवावं लागलं नाही. आबासाहेब शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडत होते, "बंद कर, धुळ्या! काढ ट्रॅक्टर!" धुळाजीनं सीटवरून दोन्ही हात जोडले, आणि इंजिन चालूच ठेवलं.