झोपेतच गेली, असं मी सांगितलं

माधवनगर, सांगली
१९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीतीस,

अण्णाचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तूही वेळेवर जेवत असशील असं मनाला समजावतो. आईचा गुडघा परत सुजलाय. मिरजेला दाखवून आणलं, आता शेक चालू आहे. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. अडतीवर हळदीची आवक नाही, दिवसभर नुसतं बसून राहायचं. पण बसून राहिल्यानंही माणूस दमतो, हे मला या वर्षी कळलं.

तुला फोन लागतो, तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, तेवढी खूण मला दिसते. म्हणून आज कागद घेतला. पत्र फाडायचं असलं तरी आधी हातात धरावं लागतं.

मी ज्यात तो डॉक्टर केला ती मालिका दसऱ्याच्या आठवड्यात संपली. गावात मात्र संपलेली नाही. आकाराम हमाल रोज सकाळी हाक मारतो, "डाक्टर, पाठीत उसण भरलीया, बघा की जरा!" आणि स्वतःच हसतो. परवा बस्तीत दर्शनाला गेलो, तर एक म्हातारी माझ्याकडं बघून बाजूला सरकून बसली. आईला ते फार लागलं. मला काही वाटलं नाही. पूर्वी नाटकात खलनायक केला आणि प्रेक्षकांनी शिव्या दिल्या की मी घरी येऊन तुम्हाला कौतुकानं सांगायचो. आता तसं होत नाही.

पुण्याहून त्याच लोकांचा फोन आला होता. नव्या मालिकेत परत डॉक्टर, परत तसलाच. नाही म्हणालो. आईला अजून बोललेलो नाही.

ऑगस्टमध्ये सोलापूरला तुझ्या वॉर्डात तुझ्या डॉक्टर मैत्रिणीला पेशंटच्या नातेवाइकांनी मारलं. त्यातला एक ओरडला की तुम्ही सगळे त्या टीव्हीतल्या डॉक्टरासारखेच. तू त्या रात्री मला एवढंच विचारलंस, "अण्णा, सोडणार का?" मी म्हणालो, अर्ध्यावर सोडता येत नाही, आणि गोष्ट खरी आहे, ती दाखवायला हवी. तेव्हापासून तू बोलली नाहीस. त्या वादात मला आज परत जायचं नाही. दुसरंच सांगायचंय.

तू मालिका पाहिली नाहीस, म्हणून थोडक्यात सांगतो. म्हसवडजवळच्या वस्तीवरची एक मुलगी, स्वप्नाली. पहिलं बाळंतपण. सिझेरियन झालं, मूल वाचलं, पण हिचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर तिला नर्सच्या भरवशावर टाकून एका लग्नाला गेला. मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं होतं, हलवलं नाही. मुलीच्या आईला दाराबाहेर बसवून ठेवलं. परत आला तेव्हा पोर संपली होती. पुढं केस झाली, शिक्षा लागली, त्यानं अपील केलं, जामीन मिळाला. आज तो दुसऱ्या एका गावात पाटी लावून बसलाय. मालिकेत नावं बदलली होती, बाकी हे असंच होतं. फक्त शेवटच्या भागात लेखकानं एक प्रसंग घातला. तुरुंगात मुलीची आई भेटायला येते आणि डॉक्टर तिच्यापुढं हात जोडून माफी मागतो. खऱ्या डॉक्टरनं माफी तर सोडच, कोर्टात कधी त्या माणसांकडं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. साताऱ्यात शूटिंग झालं. तो प्रसंग झाल्यावर सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या होत्या.

दिवाळी झाली आणि एक माणूस अडतीवर आला. डोक्याला पटका, हातात पिशवी. मला बघून म्हणाला, "डाक्टर…" मग स्वतःच मान हलवली. "न्हाई, तुमी डाक्टर न्हाई. ठावं हाय मला. मी नानासो. स्वप्नालीचा बा."

मी उठून उभा राहिलो. पाणी दिलं, चहा सांगितला. त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "माझ्या मंडळीनं, भामाबाईनं, बोलणंच सोडलंय. ढोराकडं जात न्हाई, शेजारी जात न्हाई. त्या दिशी तुमी टीव्हीत हात जोडलंसा, तवा ती उठून पार पुढ्यात जाऊन बसली. म्हणली, ह्येला घरी आणा. मी म्हणलं, आगं, त्यो नट हाय. तर म्हणती, असू दे. आणा."

"मी येऊन काय करू, नाना?"

"तेवढं म्हणा. टीव्हीत म्हणलंसा तेवढंच. त्यो काय ह्या जल्मात म्हणायचा न्हाई."

प्रीती, तू म्हणशील अण्णा भोळसट आहेत. असेन. पण मला त्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. आईला सांगितलं, विट्याला हळदीच्या कामाला जातोय. विट्याला एसटी बदलून म्हसवडला उतरलो. वाटेत सगळा वेळ ते संवाद मनातल्या मनात म्हणत होतो.

वस्तीवर दोन खोल्यांचं घर, पुढं मेंढरांचा वाडगा. दुपारची वेळ. भामाबाई भिंतीला टेकून घोंगड्यावर बसल्या होत्या. मला वाटलं होतं, खचलेली म्हातारी असेल. पण बाई ताठ बसलेली, आणि नजर सरळ. म्हणाल्या, "हितं बस. म्होरं."

मी बसलो. हात जोडले. आणि पाठ केलेलं सगळं गेलं. एवढंच तोंडातून आलं, "आई, माझं चुकलं. तुमच्या लेकीला मी टाकून गेलो."

त्या रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला येक सांग डाक्टर. तू जायच्या आदी आत हुतास. मला आत सोडलं न्हाई. माझ्या लेकीनं पाणी मागितलं का रं?"

हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी नानासोंकडं पाहिलं, तर ते दाराकडं तोंड करून उभे. मी म्हणालो, "नाही, आई. ती झोपेत होती."

"झोपेत?"

"झोपेतच गेली. तिला काही कळलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. छातीतून एक सुस्कारा निघाला, एवढा लांब की मला वाटलं बाईला काही होतंय. मग पदर सावरून उठल्या, आत जाऊन चूल पेटवली आणि चहा आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "घ्या, पाव्हणं. लांबनं आलासा." मघाशी डाक्टर होतो, अरे-तुरे होतं. आता पाहुणा झालो. कोण आलंय ते बाईला पहिल्यापासून नीट ठाऊक होतं.

नानासो स्टँडवर सोडायला आले. गाडी लागेपर्यंत एकच वाक्य बोलले, "बरं केलंसा." परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांत तसा झोपलो नव्हतो.

हे इथंच संपलं असतं तर मी तुला लिहिलंही नसतं.

गेल्या आठवड्यात नानासोंचा फोन आला. भामाबाई आता बोलतात, जेवतात, बाजारालाही गेल्या. पण त्या डॉक्टरचा परवाना काढून घ्यावा म्हणून मेडिकल कौन्सिलकडं भामाबाईंच्याच नावानं अर्ज केलेला आहे, त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात मुंबईला आहे. आणि बाई म्हणतात, जायचं नाही. "म्हणती, टीव्हीवाल्यांनी समदी कागदं वाचलीत, त्येंला ठावं असणार. लेक झोपेत गेली नव्हं? तिला तरास झाला न्हाई. मग कशाला उकरायचं आता?" नानासो पुढं म्हणाले, "वकील म्हणतोय, ती गेली न्हाई तर त्यो सुटतोय. आवं, तुमाला खरंच ठावं हुतं न्हवं?"

मी म्हणालो, दोन दिवसांनी फोन करतो. अजून केलेला नाही.

आता जे लिहायचं टाळत आलोय ते लिहितो. साताऱ्याच्या शूटिंगला एक बाई डॉक्टर सल्ल्याला येत असत. त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की इतकं रक्त गेलं की माणसाला भयंकर तहान लागते, जीव घाबरा होतो. म्हणून पहिल्या टेकला स्वप्नालीचं काम करणाऱ्या मुलीनं दोनदा पाणी मागितलं होतं. आणि मी, म्हणजे डॉक्टर, पाठ फिरवून कोट घालत होतो. दिग्दर्शक म्हणाला, प्रसंग लांबतोय, ते पाणी मागणं काढून टाका. काढलं. तेव्हा मला कोणी काही बोललं नाही, मलाही काही वाटलं नाही. भामाबाईनं विचारलं त्या क्षणी त्या मुलीचा आवाज माझ्या कानात होता. तरीही मी म्हणालो, ती झोपेत होती. मला वाटलं, या बाईनं एवढं सोसलंय, आता एक रात्र तरी नीट झोपावी.

खरं काय झालं ते मला ठाऊक नाही. कोणालाच नाही, ती नर्स आणि तो डॉक्टर सोडून. पण मला ठाऊक नाही हे तरी त्या बाईला जाऊन सांगायला हवं. माझ्या एका गोड शब्दावर तो सुटणार असेल, तर त्याच्यात आणि माझ्यात मग फार अंतर उरत नाही. फोनवर सांगवत नाही. सिद्धनाथाची रथयात्रा आटोपली की पुढच्या रविवारी, तीस तारखेला, मी म्हसवडला जातोय. या वेळी आईला खरं सांगून.

त्या विचारतील. मी नट आहे, मला ठाऊक नाही, एवढंच मी म्हणू शकेन. मग त्या विचारतील की अशा बाईला तहान लागते का, दुखतं का, कळतं का. त्याचं उत्तर कसं द्यायचं, कितपत द्यायचं, आणि देताना त्यांचा हात कुणी धरायचा, हे मला येत नाही. तू रोज वॉर्डात उभी राहून असल्या आयांशी बोलतेस. मी पडद्यावर चार महिने तुझा कोट घातला आणि त्यातलं मला काहीच आलं नाही.

जमलं तर तूही ये. सोलापुराहून म्हसवडला थेट गाडी मिळाली नाही तर पंढरपूरला बदलता येते. मी दुपारी बारापर्यंत स्टँडवर पोचेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. तू ऑगस्टमध्ये जे विचारलंस त्याचं खरं उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं, आजही नाही, आणि त्यासाठी मी तुला बोलवत नाही. पण त्या घरानं आजवर एक डॉक्टर पाहिला, तो तसला, आणि दुसरा पाहिला तो खोटा.

नाही जमलं तर मी एकटा जाईन. जाणार मात्र नक्की.

वाट पाहतो असं लिहीत नाही, तुझ्यावर ओझं नको.

तुझा,
अण्णा
(धरणेंद्र)