गाडी फक्त माझ्यावरच रुसते

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? (गुडघ्यांचं विचारत नाही, कारण त्यावर तुझं चार पानी उत्तर येतं.) गुरुवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाईन तर आता माझ्याकडे असलेल्या आतोबांच्या गाडीतूनच, टॅक्सीत पाय ठेवणार नाही, असं तू निक्षून सांगितलंस. तेव्हा गाडीची हकिगत कळवणं माझं कर्तव्य आहे.

गाडी ठणठणीत आहे. फक्त सकाळी गार असताना कधी कधी सुरू होत नाही. सोमवारी नुसती गुरगुरते, मंगळवारी एका दमात सुरू, बुधवारी पुन्हा ढिम्म. दुपारी कधीही किल्ली फिरवा, कुरकुर नाही. मी लगेच ओळखलं की बॅटरी. नवी घातली. मग ओळखलं की प्लग. तेही बदलले. मग थंडीवर संशय आला म्हणून बॉनेटवर रजई पांघरली. (ती काढायची विसरून ऑफिसला गेलो. लोक आजारी माणसाला देतात तशी वाट देत होते.)

शेवटी गाडी मेकॅनिककडे मुक्कामाला ठेवली. सकाळी मी हजर. त्याने किल्ली अर्धी फिरवली, समोरचे दिवे निरखले आणि मग सुरू केली. झाली सुरू. तीन दिवस हेच. माझी अब्रू जायची वेळ आली. चौथ्या दिवशी फडक्याला हात पुसत त्याने विचारलं, "घरी गाडी रोज तुम्हीच काढता का?"

"एक दिवसाआड. हिची हॉस्पिटलात सकाळची पाळी असते तेव्हा ही काढते."

"त्यांना कधी त्रास झाला?"

आत्या, याचं उत्तर मला सहा आठवडे ठाऊक होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

टाकीतल्या पंपाचा एक व्हॉल्व्ह झिजलाय. त्यामुळे नळीतलं पेट्रोल रात्रीतून मागे उतरतं. किल्ली अर्धी फिरवून दोन सेकंद थांबलं की पंप ते पुन्हा वर चढवतो. ही किल्ली अर्धी फिरवते, पट्टा लावते, आरसा सरळ करते (मी तो वाकडा करतो, असं तिचं म्हणणं) आणि मग सुरू करते. मी बसल्या बसल्या किल्ली पिळतो. म्हणजे दोष गाडीचाच, पण मी नसतो तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता. हिला हे समजावून सांगितलं. ती पाठमोरी चहा गाळत होती. खांदे मात्र हलत होते.

तर आता काळजीचं कारण नाही. गुरुवारी सकाळी सहाला दारात गाडी हजर.

तुझा भाचा

ता. क. नवा व्हॉल्व्ह पुढच्या आठवड्यात येईल. तोवर दोन सेकंद थांबणं मला उत्तम जमतं. काल पाचापैकी तीनदा जमलं.

ता. क. २. गुरुवारी गाडी कोणी चालवायची यावर घरात बोलणी चालू आहेत. "भाच्यानेच चालवावी," असं तू आपण होऊन हिला फोनवर सांगितलंस तर बरं होईल. मी सुचवलं असं दिसू नये. पत्र पेटीत टाकायला हिच्याजवळच देतोय, पण पाकीट घट्ट चिकटवलंय.

ता. क. ३. आत्या, पाकीट चिकटलं नव्हतं. गुरुवारी मी येते. तुम्ही पुढे बसा, हे मागे बसतील. ऑपरेशनच्या वेळी आत मी तुमच्याजवळ असेन. बाहेर बसून काळजी करायला हे आहेत, आणि त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.