एक स्पीकर इकडे, एक स्पीकर तिकडे

माझ्या धाकट्या दिरांनी काल तिसऱ्यांदा निरोप पाठवला की गेलेल्या दादाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, हात लागलेलं सामान विकणार नाही. विकणार नाही म्हणे. वाजवतात तरी का? चार वर्षं गाण्याचा मिक्सर त्यांच्या पलंगाखाली पडलाय आणि जाऊबाई त्यावर जुन्या चादरी रचतात. इकडे माझ्या आतल्या खोलीत कीबोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर, एक स्पीकर आणि सामानाच्या सहा पेट्या. पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मी बाहेर इस्त्रीच्या टेबलावर झोपते. दादाची आठवण त्यांना, पाठदुखी मला.

हे आधी लिहून मोकळी झाले, नाहीतर पुढचं सुचलं नसतं. आता मृत्युपत्र.

मी इस्त्रीवाली, वय बावन्न, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, बारा तारखेला, माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, काळजी करू नका." मी म्हटलं, "काळजी नाही करत, कागद करते. ऑपरेशनच्या टेबलावरून उठेन की नाही तेवढं सांगा." त्या कागद चाळत बसल्या. मला काय ते कळलं. म्हणून हे मी माझ्या हाताने, माझ्या मनाने, कोणाच्या सांगण्याने किंवा भीतीने नाही, असं लिहून ठेवते. याआधी असा कागद केलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी शुद्धलेखन तपासलं. मजकुराला हात लावू दिला नाही, दोनदा प्रयत्न केला त्यांनी.

पहिलं, घर. दीड खोली, माझ्या नावावर. ती माझ्या एकुलत्या एका लेकीला. तिने विकावी, भाड्याने द्यावी, कुलूप लावावं, तिची मर्जी. नणंदबाईंनी "भावाचं घर" म्हणत गळा काढला तर हा कागद दाखवावा. घराचे हप्ते माझ्या इस्त्रीने फेडले, भावाच्या वाजवण्याने नाही.

दुसरं, बँकेत आहे ते आधी दवाखान्याचं. उरलं तर लेकीचं. उरणार नाही.

तिसरं, कामाची हत्यारं. जड इस्त्री शेजारच्या शिंपीणबाईला. खरं तर तिला साक्षीदार करणार होते, पण वकील म्हणाला, ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष घेऊ नका, भानगड होते. शिंपीणबाई लगेच म्हणाली, "मग सही राहू दे, इस्त्रीच दे." तिला दिली. हलकी इस्त्री तापून अचानक बंद पडते, ती कोणालाच देऊ नये. टेबल लेकीने ठेवावं, लाकूड चांगलं आहे. गिऱ्हाइकांचे कपडे राहिले असतील तर ज्याचे त्याला पोचवावे. निळ्या सुटावरचा डाग माझा नाही, आधीपासूनचा आहे, तसं त्यांना सांगितलेलं आहे.

चौथं, वाजवायचं सामान. खरं मृत्युपत्र हेच.

आमचे हे आणि धाकटे भाऊजी, दोघांची गाण्याबजावण्याची पार्टी होती. हे कीबोर्डवर, भाऊजी गाणारे. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं. पुढे लोक मोबाइल जोडून नाचायला लागले, बोलावणी कमी झाली. शहाण्याने तेव्हा पसारा आवरला असता. ह्यांनी वाढवला. म्हणाले, सामान जुनं दिसतं म्हणून कोणी बोलवत नाही. कर्ज काढलं, जामीन म्हणून लेकीची सही घेतली, आणि कमी पडलं तेव्हा भाऊजींनी जाऊबाईंच्या बांगड्या मोडल्या. नवीन सामान आलं. कामं नाही आली. मग तू तू मी मी, आणि पार्टी फुटली.

वाटणी मी केली. हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते. दोघं भाऊ एका खोलीत, एकाचं तोंड भिंतीकडे, एकाचं दाराकडे. दोघांचे पैसे अडकलेले, म्हणून मी म्हटलं निम्मं निम्मं. पोरांना गोळ्या वाटाव्या तसं मोजून ठेवलं, एक इकडे, एक तिकडे. स्पीकर इकडे एक, तिकडे एक. कीबोर्ड इकडे, त्याचा स्टँड आणि वीज देणारा अ‍ॅडॉप्टर तिकडे. बिनतारी माइक इकडे, त्याचा आवाज पकडणारी डबी तिकडे. मला कपड्यातलं कळतं, वायरीतलं नाही. त्या दोघांना सगळं कळत होतं. दोघं बघत होते आणि कोणी तोंड उघडलं नाही. "वहिनी, ही वायर त्याच्यातली आहे," एवढं म्हणायला जीभ झिजली असती काय? पण आधी बोलेल तो हरला, असं चाललं होतं. अशी वाटणी करणारी मी मूर्ख, आणि होऊ देणारे ते दोन शहाणे.

गेल्या महिन्यात जुनी वाद्यं घेणारा आणला. त्याने सगळं उलटंपालटं केलं आणि हसला. "ताई, नवरा तुमच्याकडे, बायको दुसऱ्या गावाला, आणि तुम्ही म्हणता संसार विकायचाय. सगळं जोडून चालू करून दाखवा, चांगला भाव देतो. हे असं असेल तर भंगारात वजनावर."

जोडून विकलं तर कर्ज पुरतं फिटतं, वर थोडं उरतं. भंगारात विकलं तर दोन हप्तेही निघत नाहीत. हप्ता लेकीच्या पगारातून कापला जातो. ती औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते, तिच्या पायाच्या शिरा आत्ताच माझ्यासारख्या दिसायला लागल्या आहेत. आज निम्मा हप्ता मी तिच्या हातात ठेवते. मी गेले की तोही गेला.

म्हणून माझी इच्छा अशी. माझ्याकडचं आणि भाऊजींकडचं सामान एकत्र करून विकावं. आधी कर्ज फेडावं. उरेल त्यातला पहिला पैसा जाऊबाईंच्या बांगड्यांचा. त्यांचं माझं कधी पटलं नाही, मेल्यावरही पटणार नाही, पण सोनं त्यांचं होतं. एकही वस्तू आठवण म्हणून ठेवू नये. ह्यांचा चष्मा आहे, तो पुरे. खोली रिकामी करून झाडून घ्यावी. मी जगले तर मला तिथे जमिनीला पाठ टेकायची आहे.

पाचवं. हे मास्तरीणबाई खोडा म्हणाल्या. खोडलं नाही.

धाकटे भाऊजी, हे तुम्हाला. तुमचे दादा आठ महिने अंथरुणावर होते. तुम्हाला वाटतं, त्यांनी तुमचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. तसं नव्हतं. मला दोनदा म्हणाले, "त्याला बोलाव. सामान जोडू आणि विकून टाकू, पोरीच्या डोक्यावरचं उतरेल." मी बोलावलं नाही. जाऊबाईंनी फोन करून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बरे आहेत, यायची गरज नाही." पार्टी सोडून गेलात म्हणून मला तुम्हाला शिक्षा करायची होती. दादांनाही झाली, हे नंतर लक्षात आलं. तुम्ही आलात तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती. तुम्ही उशाशी बसून "दादा, मी आलोय" म्हणत राहिलात आणि मी दारात उभी राहून ऐकलं. दोन वर्षं मी ते गिळून बसले.

सामान विकायचंय म्हणून ही बाई आता रचून सांगते, असं वाटेल. वाटू दे. मरणाच्या दारात माणसं खोटं बोलत नाहीत असं मी म्हणत नाही, बोलतात. पण एवढी लाज वाटेल असं खोटं कोणी स्वतःवर घेत नाही. माफ करा असं लिहिणार नाही, ते मागण्याचं तोंड नाही. राग काढा. माझ्यावर काढा, हयात असेन तर समोर येऊन काढा. लेकीच्या पगारावर काढू नका. ती तुम्हाला अजून काकाच म्हणते.

हा कागद मी शुद्धीत, चष्मा लावून, दोनदा वाचून पुरा केला.

सही: इस्त्रीवाली (स्वतःची सही, अंगठा नाही)

साक्षीदार एक: मास्तरीणबाई, वरचा मजला. सही केली, नाराजीने.
साक्षीदार दोन: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. सही केली, काही न विचारता.

ठिकाण: माझं घर, इस्त्रीचं टेबल
वार, तारीख: रविवार, ता. ३

याची एक प्रत आजच धाकट्या भाऊजींच्या हातात जाईल, मी मरायची वाट बघायची नाही. भाऊजी, वाद्यवाला रविवारी दहा तारखेला सकाळी येतोय. शनिवारी, नऊ तारखेला, संध्याकाळी सातच्या आत उत्तर पाहिजे. निरोप नको, फोन नको. हो असेल तर तुमच्याकडचं सामान टेम्पोत घालून घेऊन या. नाही असेल तरी या, आणि ते नाही माझ्या लेकीच्या तोंडावर सांगा.