तीन वेढ्यांची गाठ

३ मार्च
महिनाअखेर क्लबची जोडप्यांची शर्यत. शिडाची होडी, कप्तान मी, खलाशी बायको. जिंकणारच. डेकवर दोरच दोर. बायको म्हणाली, पायात येतात, आवरून ठेवा. म्हटलं, कामाचे दोर मोकळेच लागतात. तिला यातलं ओ की ठो कळत नाही.

९ मार्च
बायको दोरात अडकून पडली. गुडघा फुटला. खाली बघून चालायची सवय नाही, माहेरचं वळण.
संकल्प : उद्यापासून प्रत्येक दोराची गुंडाळी. शिस्त म्हणजे शिस्त.

१४ मार्च
सहा गुंडाळ्या झाल्या. वर गाठ माझी स्वतःची, तीन वेढ्यांची. मेहुणा क्लबात ट्रेनर आहे. म्हणाला, भावोजी, ओढला की सुटला पाहिजे दोर. जळतो मेला.

१५ मार्च
उरलेले पाच दोर उद्या.

१६ मार्च
पाठ धरली आहे. उद्या नक्की.

२१ मार्च, दुपारी
सरावात बायको पाण्यात पडली. पाचांपैकीच एकात पाय अडकला. मी डोकं शांत ठेवून दोर फेकला, अख्खी गुंडाळी. नेम अचूक, थेट कपाळावर. गुंडाळी उलगडली नाही. मेहुण्याने शेजारच्या होडीतून उडी मारून तिला बाहेर काढलं. आठ टाके. गाठ मात्र जराही हलली नाही, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

२३ मार्च
बायको भावाकडे राहायला गेली. फोनवर समजावलं की डोकं बाजूला घ्यायला हवं होतंस. फोन कट झाला. रेंज नसावी.

२८ मार्च
बायको आली, कपडे न्यायला. तीच गुंडाळी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, माझी बॅग भरून होईपर्यंत एवढी सोडवून दाखवा, मग राहते मी. बॅग फार सावकाश भरली. कपड्यांना इस्त्रीसुद्धा केली. माझी दोन नखं तुटली, दातही लावून पाहिले. शेवटी दारात येऊन म्हणाली, कापा हवं तर. सुरी तिनेच आणली होती.
म्हटलं, कशाला, चांगला दोर आहे.
गेली.

२९ मार्च
घर खायला उठतंय. रडू आलं, थोडंसं.
सकाळी गाठ सुटली. अगदी सोपी होती, दुसरं टोक ओढायचं होतं. सांगायला घरात कोणी नाही.