चहाच्या डब्यातला सिनेमा पास झाला

अप्पा, त्या इराणी पाहुण्याच्या फिल्मच्या तुकड्यांना तुम्ही सर्टिफिकेट मुद्दाम जोडलंत की सवयीनं, एवढं विचारायचं राहूनच गेलं बघा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते डोक्यातून जात नाही.

हुलसूरच्या आपल्या टुरिंग टॉकीजचा तंबू पावसाळ्यासाठी उतरवला होता, सिनेमाचं मशीन तुरीच्या गोदामात होतं, तेव्हा तो आला. त्याचा भाचा बिदरला इंजिनिअरिंग शिकायचा, त्याच्याकडं तो राहिलेला. निजामाच्या शाळेतली तुमची अर्धी विसरलेली फारसी, तेवढ्यावर तुमचं दोघांचं जमलं. तिकडं इराणात तो स्वतःच्या हिमतीवर सिनेमे करायचा. ते आधी राजाच्या माणसांनी कापले. राजा गेला, नवे आले, त्यांनीही कापले आणि वर कामच बंद केलं. देश सोडताना अख्खा सिनेमा एकही आणता आला नाही. चहाच्या डब्यात आणले ते फक्त कापलेले तुकडे. पुढं कुठं आसरा मिळेल ठाऊक नव्हतं. इथून जाण्याआधी त्याला ते एकदा पडद्यावर बघायचे होते.

आई म्हणाली, "पोलीस आले तर? कामून नसती भानगड गळ्यात घ्यायलाव?"

"गोदामात दाखवायलोय, तंबूत न्हाई," तुम्ही म्हणालात आणि दुपारभर तुकडे जोडत बसलात. मी खिडक्यांना पोती लावली. तुम्ही नेहमीसारखं मशीनला तेल दिलंत, नारळ फोडलात. आणि भिंतीवर पहिल्यांदा काय उमटावं, तर एका जुन्या हिंदी सिनेमाचं सेन्सॉर सर्टिफिकेट! तंबूत ते दाखवल्याशिवाय तुम्ही कधी खेळ सुरू केला नव्हता.

हे काय, असं त्यानं विचारलं.

"पास हो गया, साब," तुम्ही म्हणालात.

तो इतका हसला की पहिले तुकडे त्याला दिसलेच नाहीत. डोळे पुसत होता, हसत होता, परत डोळे पुसत होता. तुम्ही रीळ मागं घेऊन पुन्हा लावलंत. एक बाई केस विंचरत होती. एक म्हातारा बंद दुकानापुढं नुसता उभा होता. यात कापण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढं तो परदेशात पुन्हा सिनेमे करायला लागला, असं भाचा सांगून गेला. मला एकही बघायला मिळाला नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, अप्पा? तुम्हाला मी ओळखते. सवयीनंच जोडलं असणार. पण मुलांना सांगताना मी दरवेळी मुद्दाम जोडलं असंच सांगते.