शर्ट वाळत घालणारी

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा थांबलं, पण तुला दुसरं काही लिहायची सवयच नाही हाताला. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी ओरडले असते आणि तू 'ताई, नंतर बोलू' म्हणून सुटला असतास.

तुझा व्हिडिओ पाहिला. शेजारची शिवणवाली मोठ्या कौतुकाने घेऊन आली, "तुमचा भाऊ बघा, किती छान शिकवतो!" खरंच छान शिकवतोस. फ्रेमला ताणलेल्या जाळीतून शर्टावर शाई सगळीकडे सारखी कशी बसवायची, ते सांगत होतास. स्क्वीजीच्या, शाई ओढायच्या त्या पट्टीच्या, रबराची धार बोथट नको, पट्टी फार आडवी धरायची नाही, दोन्ही हातांचा दाब सारखा हवा, मनगटाने नाही तर सगळ्या अंगाने ओढायची, आणि मध्ये थांबायचं नाही. एक शब्द चुकला नाहीस. मग एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही कुणाकडून शिकलात? तू म्हणालास, बाबांकडून, त्यांच्या हातात जादू होती. तिने पुढे विचारलं, घरात अजून कोण छापायचं? आणि तू हसत म्हणालास, "ताई होती ना. ती शर्ट वाळत घालायची."

शिवणवाली हसली. तिच्यादेखत मीही हसले. ती गेल्यावर शाईचा डबा असा आपटला, की झाकण उडून भिंतीवर आदळलं. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते त्या दिवशी कळलं.

आता तुला आठवत नसेल तर ऐक, आणि आठवत असेल तर जास्तच नीट ऐक. तू वसतिगृहात होतास तेव्हा बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. शर्यतीचे ऐंशी शर्ट परत आले होते. अक्षरं डावीकडे गडद, उजवीकडे फिकी, मध्ये शाई फुटलेली. गिऱ्हाइकाने गठ्ठा टेबलावर टाकला. बाबांनी शाईला शिव्या दिल्या, कापडाला दिल्या, जाळीला दिल्या. हाताचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

दुपारी ते झोपले की मी जुन्या चादरी पसरून छापत बसायची. पहिल्या आठवड्यात सगळं बरबटलं. जोर लावला की शाई जास्त बसेल असं वाटायचं, पण जोराने ती जाळीखाली पसरते आणि कडा फुटतात. मग कळलं, की आधी फ्रेम जराशी उचलून शाई जाळीवर हलकेच पसरून घ्यायची, मग खाली टेकवून एकाच ओढीत छापायचं. माझा डावा हात नेहमी जड पडायचा, तेवढा छाप गडद यायचा. वेग सारखा राहावा म्हणून मी तोंडाने आकडे मोजायची. तीन चादरी वाया घालवल्यावर चौथीवर असा छाप उमटला, की मी एकटीच टाळी वाजवली. मागे वळले तर बाबा दारात. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांच्या जागी स्क्वीजी नव्हती, माझ्या जागी होती.

त्यानंतर आपल्या छपाईच्या कारखान्यातून निघालेला प्रत्येक शर्ट मी छापला, प्रत्येक. दारात गिऱ्हाईक दिसलं की मी स्क्वीजी खाली ठेवून वाळलेले शर्ट उचलायची आणि बाबा टेबलाशी उभे राहायचे. लोक म्हणायचे, काय हात आहे! बाबा मान खाली घालायचे, लोकांना वाटायचं नम्र आहेत. त्यांची लाज राखायची म्हणून मी इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली. ती माझी खुशी होती. पण तू?

परीक्षेत नापास होऊन घरी आलास, तेव्हा तुझ्या मागे उभी राहून, तुझ्या हातांवर माझे हात ठेवून कुणी शिकवलं रे? बाबा तर बाजूला खुर्चीत बसलेले असायचे. व्हिडिओत स्क्वीजी ओढताना तुझे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. बाबांनी आयुष्यात कधी आकडे मोजून छापलं नाही. माझे आकडे घेतलेस, माझा हात घेतलास, आणि मला दोरीवर वाळत घातलंस!

तू शिकवतोस त्या संस्थेचं आमंत्रण परवा आलं. रविवारी तुझा आणि बाबांचा सत्कार, 'वडिलांची कला, मुलाच्या हाती'. तोवर व्हिडिओ बाबांनीही पाहिला होता. आमंत्रण घडी करून म्हणाले, "मी नाही जाणार. खरं काय ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे." मी भडकले. पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. म्हटलं, मला माहीत असून काय उपयोग? मी तिथे होतेच! तुम्हाला सांगायचंच असेल तर जे टाळ्या वाजवणार आहेत त्यांना सांगा.

दोन दिवस त्यांनी जेवणाचं ताटही आतल्या खोलीत नेलं. आज सकाळी म्हणाले, "जातो. पण माईक मागणार." तेव्हापासून आतल्या खोलीत घोकताहेत. "माझा हात गेल्यावर माझ्या मुलीने..." इथवर येतात, अडकतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मी इकडे भिंतीला टेकून ऐकते आहे. राग त्यांच्यावरही आहेच, पण या वयात भरल्या सभेत उभं राहून त्यांनी एकट्याने हे सांगावं, हे मला बघवणार नाही. म्हणून हे पत्र. रविवारी माईक आधी तुझ्या हातात येईल. सगळं तू सांग. मग बाबांना नुसती मान डोलवावी लागेल.

अजून तरी तुझीच,
ताई